थोरलीची बारी

पिंपळझरी,
१२ ऑक्टोबर १९८१

सुलोचना,

तुला आणि भाऊजींना आशीर्वाद. गुलाबला पापा. ती आता पापा देण्याएवढी लहान राहिली नसेल, तरी.

पत्राचं कारण एवढंच की दसरा झाला आणि थोरलीला मी तुझ्या घरी नेऊन ठेवलं. बारी तुमची आहे. अखाजीपर्यंत ती तिथे राहील. तुला कळावं म्हणून कळवते.

भिलाईला तुझ्या माहेरी पत्र आधी हिरालालभाऊंच्या हाती पडतं असं ऐकलं. म्हणून पुढचं त्यांच्यासाठी लिहिते. भाऊ, थोरली म्हणजे कोणी म्हातारी बाई नव्हे. आमची ठासणीची बंदूक आहे, मामाजींच्या, म्हणजे आमच्या सासऱ्यांच्या, वडिलांनी घेतलेली. नळीत वरून दारू ओतायची, चिंधी घालायची, छर्रे घालायचे, गजानं ठासायचं, मागे टोपी बसवायची, तेव्हा कुठे एक बार निघतो. दुसरा बार भरेपर्यंत डुक्कर नाला ओलांडून पलीकडच्या गावात जातं. तरी आमच्या घरात तिचा मान मोठा. आम्ही दोघी जावा या घरात यायच्या आधीपासून ती आहे, म्हणून ती थोरली, मी मधली आणि सुलोचना धाकटी. लग्न होऊन आलो त्या दिवशी आम्ही दोघी तिच्या पाया पडलो आहोत.

वाटण्या झाल्या तेव्हा मामाजींनी वावर दोन केलं, बैल दोन दोन केले, घराच्या मधोमध भिंत घातली. थोरलीचं काय करायचं ते कोणाला सुचेना. मामाजी म्हणाले, "तिले कापता येत नाई. तं मंग दिवस कापा." अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, तिथपासून दसऱ्यापर्यंत थोरल्या मुलाकडे, दसरा ते अखाजी धाकट्याकडे. देताना देणाऱ्यानं नळीत गज सोडायचा. ठण्ण वाजला तर नळी रिकामी, भद्द वाजला तर आत बार आहे. घेणाऱ्यानं कान देऊन ऐकायचं आणि मगच हात लावायचा. आणि जिच्या घरी ती येईल तिनं तिची ओटी भरायची, माहेरी आलेल्या मुलीसारखी. दस्त्याला खण बांधायचा, नारळ टेकवायचा. गावातले हसायचे. मामाजी म्हणायचे, हसू द्या, त्याह्यच्या घरी बंदूक कुठं हाय.

एवढं हिरालालभाऊंसाठी. आता तुला.

तुझे भासरे, म्हणजे आमचे हे, गेले त्याला दसऱ्यापर्यंत दोन महिने झाले. वावरातून आले, ओट्यावर बसले, पाणी दे म्हणून हात केला आणि मी पाणी घेऊन येईपर्यंत संपलं. भाऊजी तेराव्याला येऊन गेले, हे तुला माहीतच आहे. घरात आले नाहीत, ओट्यावर बसले. पाणी घेतलं. काठी अजून लागते हे मी पाहिलं. संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. तू आली नाहीस. मी तुझी वाट पाहिली नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू.

तुझ्या घराची किल्ली तू शकुबाईकडे ठेवून गेलीस. भिंतीला भिंत माझी, किल्ली दोन घरं सोडून. ते मला लागलं होतं, पण ते असू दे. दसऱ्याला मी तिच्याकडे किल्ली मागायला गेले.

"काऊन वं," शकुबाई म्हणाली, "कुलपाच्या घरात बंदूक काऊन ठेवतं? उंदरं मारन का थे?"

"बारी आहे त्याह्यची."

"तिकडं भिलाईत बारी अन इकडं बंदूक. तुहं डोस्कं फिरलं आनंदे."

"फिरलं तं फिरलं. किल्ली दे."

किल्ली दिली, पण मागेमागे आली. कुलूप काढलं. आत सगळं तू ठेवलं होतंस तसंच आहे, धूळ सोडून. मी झाडलं. गज सोडून पाहिला, ठण्ण वाजला. ऐकायला समोर कोणी नव्हतं, म्हणून शकुबाईला म्हटलं, ऐक. ती म्हणाली, ऐकलं बाई, माहे कान शाबूत हायेत. मग मी खण काढला तेव्हा तिनं माझा हात धरला.

"तू नको. तुह्या कपाळाले आता कुकू नाई. रांडावलेल्या बाईनं ओटी भरू नये."

"मंग कोन भरन? सुलोचना तं नाई."

 तिनं माझ्या हातातून खण ओढून घेतला आणि स्वतःच दस्त्याला बांधला. बांधता बांधता मला बोलत होती, गावात कोणाला सांगू नको म्हणत होती. दुसऱ्या दिवशी तिनंच सगळ्यांना सांगितलं.

थोरली तुझ्या मधल्या खोलीत आहे, खुंटीवर.

मी पुस्तकी लिहिते म्हणून हसू नकोस. मला शाळा नाही, तुला माहीत आहे. किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून अक्षरं लावली, मग जे छापील हाती आलं ते वाचत गेले, आणि लिहायला बसले की तसंच येतं. समोर असतीस तर असं बोलले नसते.

आनंदाबाई


पिंपळझरी,
२८ एप्रिल १९८२

सुलोचना,

आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. पत्र पोचलं असेल, परत तर आलं नाही.

परवा अखाजी झाली. पितरांचं पान वाढलं. ह्यांचं पहिलंच वर्ष, म्हणून आंब्याचा रस केला. एकटीला रस करायचा म्हणजे एका आंब्याचा. पानावरचं कावळ्यानं लवकर घेतलं. मग तुझ्याकडून थोरलीला परत आणलं. खुंटीवर तशीच होती, नळीच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं केलं होतं. तेल लावलं. ह्या घरी आली म्हणून ओटी पुन्हा शकुबाईनं भरली. आता तिला सवय झाली, फारसं बोलली नाही. फक्त म्हणाली, "ह्या बंदुकीनं तं मले पुरोहित करून टाकलं."

यंदा हिवाळ्यात रोह्यांनी, तिकडे नीलगाय म्हणतात त्यांनी, फार त्रास दिला. नाल्याकाठचा हरभरा बसून खाल्ला, उभ्यानंही नाही. मी पत्र्याचा डबा घेऊन बांधावर जायची आणि वाजवायची. सुरुवातीला पळाले. नंतर डोकं वर करून माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा खाली घालायचे. पोलीसपाटील लक्ष्मणराव वाटेनं चालले होते. ते उभे राहिले.

"काकी, बंदूक भितीच्या पलीकडं, अन तुमी डबा वाजवून राह्यल्या. काऊन?"

"बारी माही नाई."

"ज्याची बारी थो भिलाईले हाय."

"म्हनून का बारी बदलते?"

"बरं," ते म्हणाले, "मले समजलं. आता थे रोह्यायले समजावून सांगा."

हरभरा घरी आला तो पेरल्यापेक्षा थोडा जास्त. हे मी तुला रडगाणं म्हणून लिहीत नाही. त्या वर्षी तुमचं जे झालं त्यापुढे हा हरभरा काहीच नाही.

त्या वर्षाचं आपण दोघी कधी बोललो नाही. आधी दवाखाना झाला, मग तू बोलणं टाकलंस, मग तुम्ही गेलात. हिरालालभाऊंनी तुझ्याकडून ऐकलंच असेल. पण भिंतीच्या ह्या बाजूनं ते कसं होतं ते कोणी सांगितलं नसेल, म्हणून लिहिते.

सत्त्याहत्तर साली निवडणूक होती. गावातल्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या, थोरलीही गेली. ते दिवस भाऊजींच्या बारीतले गेले. भाऊजींनी त्याचं काही काढलं नाही. मग अखाजीला ती आमच्याकडे आली आणि दसऱ्याला तुमच्याकडे जायची होती. त्या दसऱ्याला मी सकाळीच तिला पुसून ठेवलं. तू तुझ्या दारात ताट घेऊन उभी होतीस, खण, नारळ, हळदीकुंकू. मला भिंतीवरून तुझ्या बांगड्या ऐकू येत होत्या. आणि तुझे भासरे म्हणाले, "माही ज्वारी अजून उभी हाय. दिवाळीनंतर देतो. बाबारावले सांग."

मी म्हटलं, "त्याह्यचीही उभी हाय."

"तुले इचारलं का?"

मी हात हलवत तुझ्या दारात आले. तुला आठवत असेल. तू ताट खाली ठेवलं नाहीस. म्हणालीस, "बाई, तुमी म्हना ना त्याह्यले." मी म्हटलं होतं, सुलोचना. एकदा म्हटलं होतं. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर काय झालं असतं हे मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं मी लिहिणार नाही. ह्या घरातल्या पुरुषांना दुसऱ्यांदा म्हटलं की काय होतं ते तुलाही ठाऊक आहे.

मग कोजागिरीच्या मागेपुढे भाऊजी नुसती बरची घेऊन ज्वारीत उतरले आणि डुकरानं त्यांची मांडी फाडली.

दवाखान्यातून भाऊजींना घरी आणलं त्या दिवशी तुझ्या भासऱ्यांनी थोरलीला उचललं आणि स्वतः तुमच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. गज वाजवला नाही, ऐकणारा खाटेवर होता. ठेवून आले. थोड्या वेळानं दार वाजलं म्हणून मी पाहिलं, तर तू तिला आमच्या दाराला टेकवून परत चालली होतीस. पाठमोरी. दस्त्याला खण नव्हता.

त्या दिवसापासून त्यांनी बार काढला नाही. दर अमावास्येला तेल लावायचे.  लावताना एकदाच भाऊजींविषयी म्हणाले, "बाबा लहान होता तवा त्याले गज उचलत नव्हता. दोन्ही हातानं धरे." एवढंच. ह्याला काय म्हणायचं ते तू ठरव. मी त्यांच्या वतीनं माफी मागणार नाही. ते असते तर त्यांनी मागायची होती. मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घालणं मला जमत नाही.

पण बारी मला जमते. ती मी पाळते. तू खूश व्हावंस म्हणून नाही. बारी असते म्हणून.

भाऊजींच्या पायाला थंडीत मोहाचं तेल लावत जा. तू लावत असशीलच.

आनंदाबाई


पिंपळझरी,
२० ऑक्टोबर १९८३

सुलोचना,

आशीर्वाद.

गुलाबचं लग्न ठरल्याचं मला जिजाबाईकडून कळलं. तिचा भाचा भिलाईला असतो. मुलगा चांगला आहे म्हणाली, कारखान्यात पक्का आहे. मला पत्रिका आली नाही. ठरलंच आहे नुसतं, छापल्या नसतील.

ह्या वेळी तुझ्याकडे एक काम आहे म्हणून लिहिते. कामाशिवायची दोन पत्रं तुला चालली नाहीत, कदाचित कामाचं चालेल.

थोरलीचा परवाना तुझ्या भासऱ्यांच्या नावावर होता. ते गेले तेव्हाच तो नव्या नावावर व्हायला हवा होता. लक्ष्मणरावांनी दोन वर्षं डोळेझाक केली. पावसाळ्यात माझी बारी असते तेव्हा मी भुईमुगावर नुसता बार काढायची, छर्रे न घालता. आवाजानं डुकरं जात. हे भरायला मला कोणी शिकवलं नाही, इतकी वर्षं बघत होते. पहिल्यांदा काढला तेव्हा खांदा काळानिळा झाला. दुसऱ्या दिवशी लक्ष्मणराव आले.

"काकी, काल तुमच्या वावरात आभाळ गरजलं म्हंते."

"गरजलं असन."

"ढग तं नोहते."

"तुमी पायलं का वर?"

"मी नाई पायलं," ते म्हणाले. "मी खालीच मान घालून चालतो. मले पोलीसपाटील राहाचं हाय."

पण आता परवान्याची मुदतच डिसेंबरअखेर संपते. कारंज्याच्या ठाण्यातून निरोप आला की मुदतीनंतर बंदूक घरात राहिली तर गुन्हा होईल. नवा परवाना वारसाच्या नावावर मिळतो. मी वारस आहे. पण बंदूक वाडवडिलांची, म्हणून दुसऱ्या वारसानं, म्हणजे भाऊजींनी, हरकत नाही असं लिहून द्यायला हवं. ते आलं नाही तर थोरली ठाण्यात जमा होईल. तिथून ती परत येत नाही. काही वर्षांनी अशा बंदुका तोडून टाकतात असं लक्ष्मणराव म्हणाले.

म्हणून भाऊजींची सही हवी आहे. तिथल्या वकिलाकडे ह्याचा ठरलेला मजकूर असतो म्हणतात.

तू म्हणशील, बाईला बंदूक कशाला हवी. डुकरांसाठी हवी, हे एक. दुसरं असं की ह्या घरात मी आता कोणाशी बोलत नाही. शकुबाई येते, पण ती बोलते, मी ऐकते. मूल आम्हाला झालं नाही. थोरली तुझ्या घरून माझ्या घरी येते आणि माझ्या घरून तुझ्या घरी जाते, वर्षातून दोनदा मी तुझं कुलूप काढते, तुझी खोली झाडते. ती गेली तर मला तुझ्या घरात जायला कारण राहणार नाही. शकुबाई किल्ली देईलही, पण मी काय म्हणून मागू?

सध्या ती तुझ्याकडेच आहे. दसऱ्याला ठेवली.

आनंदाबाई


पिंपळझरी,
९ जानेवारी १९८४

सुलोचना,

आशीर्वाद.

तुझं कार्ड आणि भाऊजींचा कागद दोन्ही एकाच दिवशी आले.

कार्ड आधी वाचलं. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. तू लिहिलंस: "आनंदाबाईंना नमस्कार. सही करून कागद पाठवला आहे. बंदूक तुम्हाला लखलाभ. आमच्यासाठी बारी राखायची गरज नाही. आमच्या घरात तिचं नावही निघत नाही. सुलोचना."

तू मला नावानं कधी हाक मारली नव्हतीस. बाई म्हणायचीस. कार्डावर नाव वाचलं तेव्हा मला क्षणभर कळलं नाही की हे कोणाला लिहिलं आहे.

मग कागद वाचला. मजकूर असा होता की सदर बंदुकीवर माझा वा माझ्या वारसांचा कोणताही हक्क, हिस्सा वा संबंध नाही व यापुढे राहणार नाही. खाली भाऊजींची सही. सही करताना त्यांचा हात थांबला असावा, बाबारावमधल्या रावापाशी शाईचा ठिपका आहे. किंवा टाक खराब असेल.

मी कागद घेऊन वर्ध्याला गेले. लक्ष्मणराव सोबत होते. कचेरीतला कारकून चांगला माणूस होता, बसायला स्टूल दिलं. कागद पाहिला आणि म्हणाला, "झालं तर मग. अर्जावर सही करा."

मी म्हटलं, "ह्याच्यातला एक शब्द खोडता येईल का?"

"कोणता?"

"हिस्सा नाही असं लिहिलं आहे. हिस्सा आहे त्यांचा. दसरा ते अखाजी."

त्यानं लक्ष्मणरावांकडे पाहिलं. लक्ष्मणराव छताकडे बघू लागले.

"बाई, हा ठरलेला मजकूर आहे. सगळे हाच लिहून देतात. लिहिल्यानं काय होतं, तुम्ही आपसात ठेवा तुमचा हिस्सा."

"लिहिल्यानं काय होत नसेल तर खोडा."

"खोडलं तर परवाना मिळणार नाही."

"मग दोघांच्या नावानं द्या."

"ते मध्य प्रदेशात राहतात. तिकडचा पत्ता इकडच्या परवान्यावर चालत नाही." तो रागावला नव्हता. हळू आवाजात म्हणाला, "अहो, त्यांनी स्वतःच सोडलं आहे. तुम्ही कशाला धरून ठेवता?"

 मी कागद परत मागितला, घडी करून कमरेला खोचला आणि बाहेर आले. लक्ष्मणराव पायऱ्यांवर म्हणाले, "काकी, सही केली असती तं बंदूक घरी राहिली असती."

"कोनाच्या घरी?"

"तुमच्या."

"तेच तं."

सुलोचना, तू रागानं लिहिलंस हे मला समजतं. तो राग तुझा हक्काचा आहे. पण तो कागद मी दिला असता तर थोरली माझी एकटीची झाली असती. त्या दसऱ्याला तुझ्या भासऱ्यांनी जे केलं तेच मी शिक्का मारून केलं असतं. तेव्हा निदान दिवाळीनंतर देतो असं तरी म्हटलं होतं. हा कागद म्हणतो, कधीच नाही.

मुदतीच्या आत मी तिला ठाण्यात जमा केलं. तुझ्या बारीत, तुझ्या घरातून नेली. तुला न विचारता नेली, तेवढं माझ्याकडून झालं.

नेताना जुन्या लुगड्यात गुंडाळली. शकुबाईनं ओटी भरली. मी काही म्हटलं नव्हतं, तीच खण घेऊन आली. सासरी चालली म्हणाली, रिकामी कशी पाठवायची. एस्टीत लक्ष्मणरावांनी ती उभी धरली होती. कंडक्टरनं विचारलं, "पाटील, हे काय हाय?"

मी म्हटलं, "आमची थोरली जाऊ."

"मंग तिकीट लागन."

"म्हातारी हाय. अर्धं द्या."

तो हसला, लक्ष्मणराव हसले. मीही हसले असावे. खूप दिवसांनी हसलं की चेहऱ्याला कळत नाही.

ठाण्यात हवालदारानं लुगडं सोडलं, खण सोडला आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. नुसती बंदूक घ्यायची असते म्हणाला. जमा करणाऱ्याचं नाव विचारलं. मी दोन नावं सांगितली, माझं आणि भाऊजींचं. त्यानं दोन्ही लिहिली. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग तिला आतल्या खोलीत नेलं. तिथे अशा बऱ्याच आहेत. दार उघडं होतं तेवढ्या वेळात मी पाहिलं, कोपऱ्यात इतरांना टेकवून उभी केली. मग कोणती आपली ते बाहेरून ओळखू येईना.

भाऊजींचा कागद ह्या पत्रासोबत परत पाठवते. तो वापरला नाही. त्यांनी सोडलेला हिस्सा त्यांनाच परत.

आता थोरली माझ्याही घरी नाही आणि तुझ्याही नाही. वाटा सारखा झाला.

आनंदाबाई


पिंपळझरी,
अखाजी, मे १९८४

सुलोचना,

आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. पण कागदही परत आला नाही. ठेवलास की चुलीत घातलास ते मला कळायचं नाही. दोन्ही चालेल.

गुलाबची पत्रिका पोचली. पाकिटावर अक्षर तुझं नव्हतं, बहुतेक तिचंच असावं. आत निमंत्रकांत भाऊजींच्या वर तुझ्या भासऱ्यांचं नाव कै. लावून छापलं आहे आणि खाली माझं. हे कोणी घालायला सांगितलं ते मी विचारत नाही. मला भिलाईपर्यंत एकटीला येणं जमलं नाही. नागपूरला गाडी बदलायची होती, मी स्टेशनपर्यंत जाऊन परत आले. तिला लुगडं घेऊन ठेवलं आहे.

आज पितरांना पान वाढलं. मग दिवसभर काही काम नव्हतं. दर वर्षी आजच्या दिवशी थोरलीला तुझ्याकडून आणायची असे. दुपारी शकुबाई आपणहून किल्ली घेऊन आली. म्हणाली, "चाल वं. बंदूक नाई तं नाई, घर तं झाडाचं हाय." झाडलं. छपरावरचे दोन कवेलू सरकले होते, ते बसवून घेतले. मागच्या खोलीला वाळवी लागायला लागली आहे. लवकर पाहायला हवं, ती माझ्या भिंतीतूनच तिकडे गेली असणार.

वावराचं विचारशील तर नाल्याकाठचा तुकडा तसाच पडला आहे. जमीन भुईमुगाची आहे, हे मामाजीही म्हणायचे. पण यंदा तिथे भुईमूग लावत नाही. डुकरं आहेतच, आणि हातात आता डबाच आहे. एकट्या माणसानं डब्यावर राखायचं ते पीक नाही. एकजण वावराच्या ह्या धुऱ्यावर आणि एकजण त्या धुऱ्यावर लागतो. दोघी असतो तर लावला असता.

पेरणीला अजून महिना आहे.

आनंदाबाई